कप्पासिक चीवरापासून जनुक-संपादनापर्यंत : वऱ्हाडचा कापूस, नवे विज्ञान आणि श्रमिक

विज्ञानाच्या नव्या सीमा म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे दूरदेशीच्या प्रयोगशाळा उभ्या राहतात. जनुकशास्त्र, संगणन, स्वयंचलित यंत्रे ही सारी आपल्या गावकुसापासून फार लांब असावीत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. गेल्या दीडशे वर्षांत विज्ञानाची प्रत्येक मोठी सीमा अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीतून गेली. प्रत्येक वेळी ती ज्यांच्या अंगणातून गेली, त्यांना मात्र कोणी काही विचारले नाही. प्रस्तुत लेखात हा इतिहास कापसाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. कापूस हे वऱ्हाडचे नगदी पीक तर आहेच, परंतु येथील विणकर, मजूर आणि वेचणीला जाणाऱ्या स्त्रिया यांच्या जीवनाचा तो धागाही आहे. हा श्रमिक वर्ग प्रामुख्याने पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातून आलेला असल्यामुळे हा इतिहास आपला स्वतःचाही इतिहास ठरतो.

चीवर आणि रूळ

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरासंबंधीचा स्वतंत्र खंधक आहे. तेथे भगवान बुद्धांनी भिक्खूंना सहा प्रकारच्या वस्त्रांची अनुज्ञा दिल्याचे नमूद आहे : खोम, कप्पासिक, कोसेय्य, कंबल, साण आणि भंग. त्यातील कप्पासिक म्हणजे कापसाचे वस्त्र. आपण आज ज्याला कापूस म्हणतो, त्या शब्दाचे नाते या कप्पासाशी आहे. टाकून दिलेल्या चिंध्यांपासून शिवलेले पांसुकूल चीवर असो की उपासकाने दान केलेले वस्त्र असो, त्याच्या पाठीशी वेचणाऱ्याचे, कातणाऱ्याचे आणि विणणाऱ्याचे श्रम होते.

वऱ्हाडच्या सीमेला लागून असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत कापसातून सरकी वेगळी करण्याचे एकरुळी साधन दाखविलेले आहे, असे वस्त्रविद्येच्या अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील या चित्रांचा समावेश अशा साधनाच्या जगातील सर्वांत जुन्या पुराव्यांत केला जातो. ज्या कलावंतांनी बोधिसत्त्वाची करुणा रंगविली, त्यांनीच हातातील कामाचे अवजारही रंगविले, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. तंत्र आणि श्रम यांना तुच्छ न लेखणारी ही दृष्टी होती. पुढील काळात वर्णव्यवस्थेने हाताच्या कामालाच अपवित्र ठरविले आणि काम करणारा व ज्ञान बाळगणारा यांच्यामध्ये भिंत उभी केली.

पहिली सीमा : वाफ आणि रेल्वे

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. त्यामागे फौजेच्या थकलेल्या खर्चाचे कारण होते, तसे इंग्लंडमधील गिरण्यांना हवा असलेला कापूस हेही एक आकर्षण होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांची नजर वऱ्हाडवर स्थिरावली. कापसाच्या व्यवहारावर देखरेख ठेवण्यासाठी मध्यप्रांत आणि वऱ्हाडकरिता सरकारने खास आयुक्त नेमला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरला पोहोचली. लिव्हरपूलच्या बाजारात या भागाच्या कापसाला ‘उमरा’ हे नाव पडले. ते अमरावतीच्या जुन्या ‘उमरावती’ या नावावरून आलेले आहे. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळकडे १९०३ मध्ये आणि अचलपूरकडे १९१३ मध्ये अरुंद मार्गाच्या गाड्या धावू लागल्या. त्यांचा मुख्य हेतू कापसाच्या गठाणी वाहून नेणे हाच होता.

सरकी काढणारी आणि गठाणी दाबणारी वाफेची यंत्रे, तारायंत्र व आगगाडी हे त्या काळचे अग्रेसर विज्ञान होते. त्याने अमरावतीत व्यापारी पेढ्या उभ्या केल्या आणि मोठ्या जमीनदारांच्या हाती पैसा आणला. परंतु त्याच आगगाडीने परतीच्या फेरीत गिरणीचे सूत आणि कापड गावोगाव पोहोचविले. नागपूर आणि वऱ्हाड या भागात सूत कातणे व जाडेभरडे कापड विणणे हा महार समाजाचा परंपरागत व्यवसाय होता, याची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातिविषयक ग्रंथात आढळते. गिरणीच्या कापडापुढे हा व्यवसाय टिकू शकला नाही. मागावरचा माणूस कापूस वेचणारा, जिनिंगमध्ये सरकी उपसणारा किंवा गिरणीत रात्रपाळी करणारा मजूर झाला. ज्वारीच्या जमिनीत कापूस उभा राहिला आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्याच्याजवळ ना जमीन होती ना धान्याची कणगी, त्याचे हाल सर्वाधिक झाले.

या घटनाक्रमाचा अर्थ यंत्र वाईट होते असा लावणे चुकीचे ठरेल. जिनिंग आणि गिरण्यांमध्ये मिळालेल्या रोख मजुरीमुळे अनेकांना बलुतेदारीच्या जोखडातून मान सोडविता आली आणि त्यातून शिक्षणाची व संघटनेची वाट उघडली. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावती येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्या लढ्याला पाठिंबा देणारे डॉ. पंजाबराव देशमुख पुढे केंद्रीय कृषिमंत्री झाले. अशा रीतीने यंत्राने एका हाताने व्यवसाय हिरावून घेतला आणि दुसऱ्या हाताने एक फट उघडी ठेवली.

दुसरी सीमा : संकर

स्वातंत्र्यानंतर विज्ञान थेट बियाण्यात शिरले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. पंजाबरावांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ कापसाच्या संशोधनाचे एक प्रमुख केंद्र बनले. १९७० मध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा जगातील पहिला व्यापारी कापूस-संकर प्रसारित केला. १९७६ मध्ये नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि त्याच वर्षी अकोला येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजेच महाबीज, अस्तित्वात आले. अकोला विद्यापीठाचा ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ हा संकर विदर्भात पुष्कळ वर्षे लोकप्रिय राहिला.

येथे एक शास्त्रीय भेद समजून घेणे आवश्यक आहे. जगात कापसाच्या चार जाती लागवडीखाली आहेत. त्यांपैकी दोन जुन्या जगातील देशी जाती असून त्यांच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. उरलेल्या दोन जाती अमेरिका खंडातून आलेल्या असून त्यांची गुणसूत्रे ५२ आहेत. वऱ्हाडची जुनी पऱ्हाटी देशी होती. खोल मुळे, पाण्याचा ताण सोसण्याची क्षमता आणि रस शोषणाऱ्या किडींना दाद न देण्याचा गुण तिच्यात होता. मात्र तिचा धागा आखूड होता. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन जातीचे संकर पुढे आले.

सरळ वाणाची सरकी शेतकरी घरी राखून पुढील वर्षी पेरू शकतो. संकरित बियाण्याच्या पुढच्या पिढीत मात्र गुणांची फाटाफूट होते, त्यामुळे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. बियाणे हे घरातील मडक्यातून निघून दुकानातील पाकिटात गेले. वऱ्हाडातील बहुसंख्य कापूस कोरडवाहू आहे आणि पावसाने डोळे वटारले की दुबार पेरणी करावी लागते. हे ध्यानी घेतले म्हणजे दरवर्षीची ही खरेदी कर्जाच्या वहीत कशी उतरते, ते वेगळे सांगण्याची आवश्यकता उरत नाही. संकर तयार करण्याचे कामही हाताचेच आहे. प्रत्येक कळीतील पुंकेसर काढून तिच्यावर दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात.

तिसरी सीमा : जनुक

बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा मातीत आढळणारा एक जीवाणू आहे. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांनी रेशमाच्या मेलेल्या अळ्यांचा अभ्यास करताना तो प्रथम पाहिला. तो एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना चिकटते आणि पेशींना छिद्रे पाडते. माणसाच्या जठरात आम्ल असते व तसे ग्राहक नसतात, म्हणून ते प्रथिन माणसाला त्या प्रकारे बाधत नाही. या प्रथिनाचे जनुक कापसाच्या पेशीत घालून ‘बीटी’ कापूस तयार झाला. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरांना मान्यता दिली. २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला. थोड्याच वर्षांत देशातील कापसाखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीने व्यापले.

सत्य पूर्णपणे सांगावयाचे तर आरंभीचा लाभ खरा होता. अमेरिकन बोंडअळीने नव्वदीच्या दशकात शेतकऱ्याला बेजार केले होते. तिच्यासाठी होणाऱ्या फवारण्या बीटीमुळे कमी झाल्या. परंतु अनित्यता हा जसा धम्माचा सिद्धांत आहे, तसा तो जीवसृष्टीचाही नियम आहे. एकाच विषाचा दाब सतत राहिला तर त्यातून वाचणाऱ्या मोजक्या अळ्यांचीच संतती वाढते. हे टाळण्यासाठी कडेने बिगर-बीटी कापसाच्या आश्रय-ओळी लावावयाच्या होत्या. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत त्यासाठी १२० ग्रॅमचे वेगळे पाकीटही येत असे. बहुतेकांनी ते पेरले नाही. दोन-तीन एकरांच्या धन्याला आपल्या शेतातील ओळी अळीसाठी सोडणे परवडणारे नव्हते, आणि त्यामागील शास्त्र त्याच्या भाषेत त्याला कोणी पुरेसे समजावून सांगितले नाही. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात दोन जनुकांच्या बीटीवरही तिने विदर्भात थैमान घातले. ही अळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे बाहेरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

त्याच हंगामात फवारणी वाढली. उंच वाढलेली पऱ्हाटी, पाठीवरचा पंप, उलटा वारा, तोंडाला मुखवट्याऐवजी केवळ रुमाल आणि एकत्र कालविलेली दोन-तीन औषधे, अशा स्थितीत शेकडो माणसे विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. चौकशीसाठी शासनाला विशेष पथक नेमावे लागले. या घटनेचा विचार केवळ ‘अपघात’ म्हणून करता येणार नाही. ‘हे असताना ते असते’ हा प्रतीत्यसमुत्पादाचा दृष्टिकोन येथे लावून पाहावा. अळीची प्रतिकारशक्ती, न पेरलेल्या आश्रय-ओळी, लांब मुदतीचे संकर, बाजाराचे दडपण, औषध-विक्रेत्याचा सल्ला आणि रोजंदारीची गरज यांची साखळी होती. तिच्या शेवटच्या कडीला पंप पाठीवर घेतलेला मनुष्य होता आणि साखळी तुटली ती तेथेच.

अकोली जहांगीर आणि निंदणाचा प्रश्न

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेकडो शेतकरी जमले आणि मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची त्यांनी उघडपणे पेरणी केली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्या बियाण्याला बंदी होती. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असावे, ही त्यांची मागणी होती. या वाणावर तणनाशक फवारले तर तण मरते, पऱ्हाटी मरत नाही. निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी मजुरी परवडत नाही, ही त्यांची अडचण खरी होती. विरोधकांनी जैवसुरक्षेचा आणि ग्लायफोसेटच्या धोक्याचा मुद्दा मांडला. तोही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

परंतु या वादविवादात एक व्यक्ती फारशी बोलताना दिसली नाही. ती म्हणजे निंदण करणारी बाई. वऱ्हाडात सकाळी डोक्यावर शिदोरी आणि हातात विळा घेऊन जाणाऱ्या मजूर स्त्रियांत आपल्या बौद्ध वस्त्यांतील माता-भगिनींची संख्या मोठी आहे. ज्याला शेतकरी ‘निंदणाचा खर्च’ म्हणतो, ती त्यांची मिळकत आहे. तणनाशकाने तो खर्च वाचतो, म्हणजे पावसाळ्यातील त्यांचे कामाचे दिवस जातात. जनुकशास्त्राचा लाभ-हानीचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा स्तंभच वहीत आखलेला नाही.

मग आपण या तंत्राला विरोध करावा काय? येथे भावनेच्या भरात उत्तर देणे सोपे आहे, परंतु ते योग्य नव्हे. दिवसभर कंबरेत वाकून, चिखलात, उन्हापावसात तण उपटणे हे काही मानवी जीवनाचे ध्येय नाही. ज्या समाजाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकायला लावले, त्याच वाकण्याचे रक्षण करणे हा मुक्तीचा मार्ग असू शकत नाही. बाबासाहेबांनी १९४५ मधील काँग्रेस आणि गांधीजींवरील आपल्या ग्रंथात यंत्रविरोधी विचाराचे खंडन केले आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती संभवत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, म्हणून यंत्र टाकून न देता ती रचना बदलली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधातही, शेतीवर साचलेल्या अतिरिक्त श्रमशक्तीला उद्योगात सामावून घेणे हाच शेतीच्या दुरवस्थेवरील उपाय होय, असे त्यांनी मांडले होते. म्हणून निंदण करणाऱ्या बाईचे काम राहावे की जावे, एवढ्यावर हा प्रश्न थांबत नाही. ते काम गेल्यावर तिच्या हाती काय येणार, हा खरा प्रश्न आहे.

पुढील सीमा

ही विचारणा आता अधिकच निकडीची झाली आहे. २०१२ मध्ये जनुक-संपादनाचे ‘क्रिस्पर’ तंत्र जगापुढे आले आणि २०२० मध्ये त्याच्या शोधासाठी शार्पेंटिए आणि डाउडना या दोन स्त्री-शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्राने बाहेरचे जनुक न घालता वनस्पतीच्या स्वतःच्या जनुकातील एखादे अक्षर बदलता येते. मार्च २०२२ मध्ये केंद्र शासनाने अशा काही संपादित वनस्पतींना जुन्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. कापसाच्या देशी जातीचा जनुकसंच २०१४ मध्ये आणि अमेरिकन जातीचा २०१५ मध्ये वाचून झाला आहे. म्हणजे ज्या देशी पऱ्हाटीला आखूड धाग्यासाठी आपण बाजूस सारले, तिची खोल मुळे आणि सहनशीलता आज ज्ञानाच्या दृष्टीने मोलाची ठरली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यासाठी असे गुण किती उपयोगी पडतील, हे अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

दुसरीकडे फवारणीसाठी ड्रोन आले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. पाठीवरचा विषाचा पंप जाऊन त्याची जागा ड्रोनने घेतली, तर २०१७ ची पुनरावृत्ती टळू शकेल. तथापि कोणाच्या बचत गटाला ड्रोन मिळतो, प्रशिक्षणाला कोणाची मुलगी जाते आणि गावातील कोणता वाडा त्या यादीत असतो, हे प्रश्न विज्ञानाचे नसून समाजाचे आहेत.

बीज आणि वेतन

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची कथा आहे. राज्यात चोरी आणि लूट वाढली असता राजाला मोठा यज्ञ करावयाचा असतो. त्याचा पुरोहित त्याला वेगळा सल्ला देतो. दंडाने ही अशांती शमणार नाही. जे शेती करतात त्यांना राजाने बीज आणि अन्न द्यावे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे आणि राजसेवा करणाऱ्यांना योग्य वेतन द्यावे, असे तो सुचवितो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या सुत्तात बीजाची व्यवस्था आणि श्रमाचे वेतन ही राज्याची जबाबदारी मानली आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग मानला. जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना कसावयास द्यावी आणि पाणी, अवजारे, खत व बियाणे राज्याने पुरवावे, अशी योजना त्यांनी मांडली. तिच्यात कूटदंत सुत्ताचाच आशय आधुनिक भाषेत प्रकट झालेला दिसतो. त्या योजनेत भूमिहीन श्रमिक हा खर्चाचा स्तंभ नव्हता, तो भागीदार होता.

या कसोटीवर आपला इतिहास ताडून पाहिला तर काही गोष्टी स्पष्ट होतात. अकोल्याचे विद्यापीठ आणि महाबीज ही लोकांच्या पैशातून उभी राहिलेली साधने आहेत. घरी राखता येईल असे सरळ वाणाचे सुधारित बियाणे शेतकऱ्याला मिळणे, हा त्या साधनांचा पहिला धर्म असला पाहिजे. २००१ च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने बियाणे राखण्याचा अधिकार मान्य केला आहे. संकराच्या पाकिटापुढे तो कागदावरच राहतो. दुसरे असे की, कोणत्याही नव्या वाणाची किंवा यंत्राची मान्यता ठरविताना उत्पादन आणि जैवसुरक्षा यांबरोबर मजुरीच्या दिवसांचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. जे दिवस कमी होतील, त्यांच्या मोबदल्यात प्रशिक्षण, यंत्राची मालकी आणि दुसऱ्या कामाची हमी ही भूमिहीनांच्या हक्काची बाब आहे. तिसरे म्हणजे, ज्ञान आपल्या भाषेत आणि आपल्या विहारात आले पाहिजे. आश्रय-ओळ का पेरावयाची हे एका पाकिटावरील बारीक अक्षरांवर सोडून दिल्याचा परिणाम आपण पाहिला आहे.

केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा बोलणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. ते अकुशल आहे, दुःखाकडे नेते, असे स्वतः जाणाल तेव्हा ते टाकून द्या आणि ते कुशल आहे, हिताचे आहे, असे जाणाल तेव्हा स्वीकारा. हा उपदेश कंपनीच्या जाहिरातीला लागू आहे आणि विज्ञानाला सरसकट भिणाऱ्यालाही लागू आहे. जाणण्यासाठी मात्र शिकावे लागते. वऱ्हाडातील बौद्ध तरुण-तरुणींनी वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र, जनुकशास्त्र आणि संगणन या शाखांत मोठ्या संख्येने जावे, आणि जाताना निंदणाच्या ओळीत वाकलेल्या आपल्या आईला विसरू नये. अजिंठ्याच्या चित्रकाराने बोधिसत्त्वाच्या चित्रांशेजारी सरकी काढण्याचा रूळ रंगविण्यास जागा ठेवली होती. नव्या विज्ञानाच्या चित्रात रूळ फिरविणाऱ्या हातांना जागा मिळवून देणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.